वरच्या विहिरीचा नमुना

अक्का, त्या सकाळी तुमच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी तो घेतला नाही. त्या आठवड्यात तुमचे तीन फोन मी असेच वाजू दिले होते. फोन उलटा करून टेबलावर ठेवायचा आणि आवाज थांबेपर्यंत दुसरीकडे बघायचं. हा चौथा. मला वाटलं, तुम्ही पुन्हा पाण्याच्या बाटलीचंच विचारणार. लगेच पाचव्यांदा वाजला तेव्हा म्हटलं, चला, बोलून टाकू एकदाचं. आवाजात साखर घालून म्हणाले, "बोला अक्का, झाली का भाकर?" पलीकडे तुमची सून मंगल होती. ती म्हणाली, "ताई, अक्का गेल्या. पहाटे. फोनात तुमचं नाव सगळ्यात वर होतं, म्हणून पहिला तुम्हालाच लावला."

सगळ्यात वर. म्हणजे तुम्ही आयुष्यातला शेवटचा फोन मला केला होता, आणि तो मी उलटा करून ठेवला होता.

आज बारा दिवस झाले. जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत मी रोजच्यासारखी कामाला जाते. नमुन्याच्या बाटल्या धुते, चिठ्ठ्या लिहिते. पण चिठ्ठीवर 'ठिकाण' हा रकाना आला की हात थांबतो, आणि मानेमागून, अगदी जवळून, तुम्ही विचारता, "कोठलं शे वं हाई पानी?" कुठलं आहे गं हे पाणी? मी वळून बघत नाही. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि तरी मी वळून बघत नाही. घरी माठात तांब्या घातला तरी तेच. तुम्ही जिवंत होतात तोवर हा प्रश्न मला एकदाही विचारला नाहीत. विचारायचं कारणच नव्हतं, दर वेळी बादली तुम्हीच ओढत होतात.

आपली ओळख पाण्यानेच झाली. तुमचं गाव टेकाडावर, खाली मधल्या उतारावर कारखान्यांचा घातक कचरा पुरायचा तो प्रकल्प, आणि त्याच्याही खाली नाल्याकाठी भिलाटी, भिल्लांची वस्ती. प्रकल्पाला परवानगी देताना एक अट होती, की आसपासच्या विहिरींचं पाणी ठरावीक काळाने तपासायचं. ते काम आमच्या फर्मला मिळालं आणि फर्मने बर्फाची पेटी देऊन मला जीपमध्ये बसवलं. पारावरच्या माणसांनी मान वर न करता सांगितलं, "पाण्याचं असेल तर अक्काकडे जा." तुम्ही ओट्यावर तूर पाखडत होतात. नाव विचारलंत. मी म्हणाले, "नसीम." सूप क्षणभर थांबलं. तो क्षण ओळखायला आमचे कान लहानपणापासून तयार असतात. मग तुम्ही विचारलंत, "तुन्हा बाप काय करस?"

"धुळ्याला पत्र्याच्या पेट्या बनवतात."

तुम्ही सूप बाजूला सारलंत, माझा हात धरलात आणि मला थेट आतल्या खोलीत नेलंत. खाटेखालून एक गंजकी पेटी पायाने पुढे ओढलीत. झाकणावर मोराचं चित्र होतं, त्याचे फक्त पाय उरले होते. एरंडोलहून लग्न होऊन आलात तेव्हाची. "मन्ही पेटी बी धुयानीच शे," तुम्ही म्हणालात, "तुन्हाच बापनी ठोकी व्हई." माझे अब्बा तेव्हा जन्मलेही नसतील. एवढ्या खुशीत कोणी आपल्याला नात्यात ओढत असेल तर हिशेब काढत बसू नये.

मग तुम्ही मला वरच्या विहिरीवर नेलंत. मोटार होती, पण मोटारीचं पाणी पाइपात राहून शिळं होतं म्हणालात, आणि त्या वयात दोराने बादली ओढलीत. आधी मला तांब्या दिलात. खरंच गोड पाणी होतं, अक्का. उन्हातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणणारं. मग मी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, तशी पद्धत असते, आणि तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. "नवरदेवसारखं न्हाऊ घालस त्या बाटलीले."

मी विचारलं, गावात दुसरी विहीर आहे का?

"शे खाले, नाला जोडे. तठलं ऱ्हाऊ दे. बठ्ठा गावमा हाईच पानी गोड शे. पाव्हनास्ले खारं पानी पाजू का मी?"

खाली नाल्याजवळ आहे, पण तिथलं राहू दे, म्हणे. मी हसले. तुमची समजूत अशी होती की बाटली जळगावला गेली की तिथले साहेब लोक पेला भरून चव घेणार, आणि गावाचं नाव त्या चवीवर ठरणार. पाहुण्याच्या पानात जळकी भाकरी वाढायची नाही, त्याच्या पेल्यात खारं पाणी घालायचं नाही, एवढं साधं होतं ते तुमच्यासाठी. पहिल्या खेपेला मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. फॉर्मवर तुमच्या गावासाठी एकच ओळ होती. तिथे मी लिहिलं, 'गावातील विहीर', आणि खाली सही केली.

ही पहिली खेप मी मला माफ करते. पुढच्या नाही.

दुसऱ्या खेपेला जीप खालीच पंक्चर झाली. ड्रायव्हर चाकाला लागला आणि मी भिलाटीतून चालत वर निघाले. वाटेत ती खालची विहीर. पाण्याला औषधाच्या रिकाम्या बाटलीसारखा वास होता. दोन बायका हंडे भरत होत्या, त्यांच्याकडून ओंजळभर पाणी झाकणात घेतलं आणि सहज म्हणून पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं ते छोटं मीटर बुडवलं. आकडा चढत गेला. मी मीटर पुसलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा तेच. त्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मीटर खिशात टाकलं आणि म्हणाले, "बरंय." काय बरं होतं? काहीही बरं नव्हतं. पण वर तुम्ही कळण्याची भाकरी टाकून बसला होतात, ठेच्याचा वास उतारावरच येत होता, आणि फॉर्मवर ओळ एकच होती. वर आले, जेवले, आणि वरच्या विहिरीची बाटली भरली.

ते पाणी कशाने बिघडलं, हे मी आजही सांगू शकत नाही. नाल्याचं असेल, शेतातल्या औषधांचं असेल, प्रकल्पाच्या खड्ड्याचं अस्तर फाटलं असेल. तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. तपासायला पाठवलेलं माणूस मी होते.

आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली, ती मी तुमच्याकडे कधीच काढली नाही. आज काढते. तुमच्या विहिरीवर मी तालुक्याचे साहेब पाणी पिताना पाहिले, खताचा एजंट पाहिला, वाट चुकलेला ट्रकवाला पाहिला. मी स्वतः, पेटीवाल्याची पोर, तुमच्या पितळी तांब्याने प्यायले. पण भिलाटीतली एकही बाई त्या काठावर कधी दिसली नाही. कोणी हाकललं असं नाही. त्या येतच नव्हत्या, आणि तुम्ही बोलावत नव्हतात. पाहुण्यांना उघडी असलेली विहीर शेजाऱ्यांना का बंद, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तुम्ही मला 'पोरी' म्हणत होतात. ते हातचं जाईल म्हणून मी मूग गिळून बसले.

मला तुमचा राग येतो, अक्का. आणि तो पुरता यायच्या आत मला ती कॅन आठवते. अब्बांचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही नरडाण्याहून एसटीने धुळ्याला आलात, एका हातात भाकरीचं फडकं, दुसऱ्या हातात पाच लिटरची तेलाची कॅन, धुऊन धुऊन पांढरी केलेली. वरच्या विहिरीचं पाणी. "आजारी मानूसले गोड पानी लागस." दवाखान्याच्या जिन्यात धापा टाकत बसलात, आणि अम्मीने हात दिला तर तिलाच म्हणालात, तू बस, तू दमलीस. अब्बा अजून सांगतात की ते डॉक्टरच्या गोळ्यांनी नाही, अक्काच्या पाण्याने उठले. तुमची बातमी दिली तेव्हा ते दुकानाचं अर्धं शटर ओढून आत बसून राहिले. इतकं आमच्यासाठी कोणी सख्ख्यांनीही केलं नव्हतं. म्हणून मला तुमच्यावर धड रागावता येत नाही, आणि धड रडताही येत नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र आपलं वाजलं. मी मनाशी ठरवून आले होते. म्हणाले, "अक्का, आज खालच्या विहिरीची बाटली न्यायची आहे."

"त्या पानीमा डाय बी शिजस नही. तू कसाले नेस ते?"

"डाळ शिजत नाही म्हणूनच न्यायची. आधी शिजत होती ना?"

तुम्ही दाराबाहेर बघून घेतलंत. मग एकदम आवाज खाली आणलात, जसा घरातली गोष्ट शेजारी जाऊ नये म्हणून आणतात. गावात लग्नाची पोरं किती आहेत ते एकेक नाव घेऊन सांगितलंत. मंगलचा मुलगा त्यात पहिला. पाणी नासलं असं एकदा सरकारी कागदावर चढलं तर या गावात पोरी कोण देईल? कोण बाप आपली लेक असल्या पाण्यावर नांदायला पाठवेल? "झाकी मूठ सव्वा लाखनी," तुम्ही म्हणालात.

"मूठ झाकून आत विष धरलंय, अक्का."

"मन्हा घरनी भाकर खाईसन माले शिकाडस?"

ते मला झोंबलं. मीही कमी नाही, मी म्हणाले की मी भाकरी खायला येत नाही, तपासायला येते. तुमचा चेहरा पडला. खालून ड्रायव्हरने हॉर्न दिला. बर्फ वितळत होता, उशीर झाला होता, सगळी निमित्तं हात जोडून उभी होती. मी वरच्या विहिरीवर गेले. तुम्ही न बोलता बादली ओढलीत, मी न बोलता बाटली विसळली. तुम्हाला वाटलं असेल, पोरीने माझा मान ठेवला. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. खालचं पाणी नेलं असतं तर फर्मच्या साहेबांशी भांडावं लागलं असतं, वरचं नेलं तर कोणाशीच नाही. तुमच्या हट्टाच्या पदराआड मी माझं भित्रेपण लपवलं.

पंधरा दिवसांनी तुम्ही फोन करून विचारलंत, बाटलीचं काय आलं? मी म्हणाले, "चांगलं आलं, अक्का." खोटं नव्हतं. वरचं पाणी चांगलंच होतं. तुम्ही फोन कानाला तसाच ठेवून अंगणात ओरडलात, "आपलं पानी पास व्हयनं," आणि मला मागून मंगलचं हसणं ऐकू आलं. त्या दिवशी म्हणे तुम्ही गूळ वाटलात.

मग प्रकल्पाला दुसरा खड्डा हवा झाला, पहिल्याच्या दुप्पट. त्यासाठी नवी परवानगी, आणि परवानगीसाठी जनसुनावणी. सुनावणीच्या आधी गावकऱ्यांशी बोलून घ्यायची एक बैठक आमच्या फर्मने शाळेत घेतली. इतिवृत्त लिहायला मी होते. पुरुष मागच्या भिंतीला टेकून बसले होते, भिलाटीतून कोणीच नव्हतं, कारण निरोप पारावर दिला होता आणि पार वर आहे. साहेबांनी विचारलं, पाण्याबद्दल कोणाला काही सांगायचं आहे? कोणी उठेना. तुम्ही उठलात. माईक उलटा धरलात, मी येऊन सरळ करून दिला. तुम्ही म्हणालात, आमचं पाणी गोड आहे, तपासून पास झालेलं आहे, आणि माझ्याकडे बोट केलंत, ही पोर सांगेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

त्या हललेल्या मानेची मी नंतर एक ओळ केली: 'उपस्थित महिलांनी पाण्याच्या गुणवत्तेबाबत समाधान व्यक्त केले.' ती ओळ आता दुसऱ्या खड्ड्याच्या अहवालात आहे. तिच्या शेजारी तीन नमुन्यांचा तक्ता आहे, तिन्ही वरच्या विहिरीचे, तिन्हींखाली माझी सही. कोणी कोणाला लाच दिली नाही, कोणी आकडा खोडला नाही. तुम्ही गावाची अब्रू राखलीत, मी तुमचा मान राखला, साहेबांनी मुदत राखली.

झाकल्याने काय झालं ते तुम्हाला कधी कळलं, अक्का? कोणी सांगितलं? की तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं आणि फक्त सोसेनासं झालं? हे मी आता कोणाला विचारू?

पाचव्या दिवशी मी द्वारदर्शनाला, दुखवट्याच्या भेटीला आले. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, तुमच्या फोटोसमोर दिवा होता. फोटोत तुम्ही रागावल्यासारख्या दिसता, फोटोवाल्याने पदर नीट करायला लावला असेल. त्या घरात पहिल्यांदा मला कोणी पाणी विचारलं नाही. सुतकात विचारत नाहीत, मला ठाऊक होतं, तरी सारखं वाटत राहिलं की आता आतून तांब्या घेऊन तुम्ही येणार. निघताना मंगल मागच्या दाराने आली. तिच्या हातात थंड पेयाची जुनी बाटली होती, झाकणावर चिंधी बांधलेली. ती म्हणाली, "अक्कांनी भरून ठेवली होती तुमच्यासाठी. जायच्या आठ दिवस आधी. एकट्या गेल्या खाली, मी नको म्हणत होते. येताना दोनदा बसल्या रस्त्यात. म्हणाल्या, नसीमला फोन लावते, येऊन घेऊन जाईल."

मी बाटली उजेडात धरली. तळाला पिवळसर गाळ बसला होता.

"खालचंच आहे, असं सांगायला लावलंय," मंगल म्हणाली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "माझ्या पोराची सोयरीक चाललीय, ताई. पण त्यांनी द्यायला सांगितली होती, म्हणून दिली." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. लगेच आत गेली.

तीन फोन. तुम्ही मला ती घ्यायला बोलावत होतात, आणि मी समजले की तुम्हाला पुन्हा एकदा 'पास' ऐकायचं आहे. ज्या उतारावर तुम्ही वर्षानुवर्षं पाय ठेवला नव्हता तो उतरून गेलात, भिलाटीच्या विहिरीवर वाकलात, बाटली भरलीत. तीनदा विसळलीत का हो? मला वाटतं विसळली असणार, मला बघून बघून तुम्हाला पाठ झालं होतं.

आणि ऐका, ती बाटली कामाची नाही. आता खरं तेच लिहायचं. बर्फात ठेवलेली नाही, वेळ लिहिलेली नाही, भरणाऱ्याची सही नाही. आमच्या नियमात तो नमुनाच होत नाही. तुम्ही जीव खाऊन वर आणलेलं ते पाणी कोणतीही प्रयोगशाळा घेणार नाही. ती माझ्या कपाटात आहे, कपड्यांच्या मागे. कपाट उघडलं की औषधाचा वास येतो. बाटली घट्ट बंद आहे, वास यायला नको, तरी येतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, ज्या विहिरीचं पहिल्यापासून घेतलं तिचंच घ्यावं लागतं. मधेच जागा बदलली की तुलना राहत नाही."

"मग खालच्या विहिरीचं कधी घ्यायचं, साहेब?"

"तिची मागणी कोणी केलेली नाही ना."

खरं होतं. मागणी कोणी करायची? तुम्ही झाकत होतात, मी मान हलवत होते, आणि ज्यांचं ते पाणी त्यांना बैठकीचा निरोपच नव्हता. मी म्हणाले, "मग मी करते." त्यांनी चष्मा घातला आणि मला शांतपणे सांगितलं की फर्मच्या माणसाने फर्मच्या अहवालाविरुद्ध बोलायचं तर आधी राजीनामा द्यावा. मी दिला. या महिन्याअखेर सुटेन. अम्मी दोन दिवस बोलली नाही. अब्बा म्हणाले, "अक्कासाठी असेल, तर ठीक आहे," आणि पत्रा कापायला लागले.

उद्या मंगळवार, सुनावणी आहे. माझं निवेदन लिहून झालं आहे. पहिलं वाक्य असं: तक्त्यातले तिन्ही नमुने मी भरले, ते प्रकल्पाच्या वरच्या अंगाच्या एकाच विहिरीचे आहेत, आणि खालची विहीर खराब दिसत असूनही मी तिचा नमुना घेतला नाही. दुसरं वाक्य इतिवृत्ताबद्दल आहे. त्यात तुमचं नाव घेतलेलं नाही. तुम्हाला आवडेल की नाही, माहीत नाही. गाव मला उद्यापासून दारात उभं करणार नाही, मंगलच्या पोराची सोयरीक मोडली तर त्याचं पाप माझ्या माथी येईल, आणि परवानगी तरी थांबेल याची कोणी हमी देत नाही. तरी बोलणार. तुम्ही असतात तर समोरच्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारले असते, की माईक सरळ करून दिला असता? मी हे रोज दोन्ही बाजूंनी बघते आणि मला रोज वेगळं दिसतं.

काल रविवारी मी सुट्टी साधून पॅसेंजरने नरडाण्याला उतरले. धुतलेल्या बाटल्या, बर्फाची पेटी, फॉर्म, सगळं स्वतःचं. शिंदखेड्याकडे निघालेल्या रिक्षावाल्याने फाट्यावर सोडलं. वर तुमच्या घरी आले नाही, तोंड नव्हतं. सरळ भिलाटीत गेले. खालच्या विहिरीवर बाटली तीनदा विसळली, काठोकाठ भरली, वेळ लिहिली. 'ठिकाण' या रकान्यात लिहिलं: खालची विहीर, नाल्याकाठी. तुम्ही मागून काही विचारलं नाहीत. तेवढ्यापुरतं सगळं इतकं शांत होतं की मीच वळून बघितलं.

पहिल्या घरातली जमनाबाई दारात उभी राहून बघत होती. मीटर बुडवलं होतं तेव्हा हंडे भरणाऱ्या दोघींतली ती एक. तिने ओळखलं. बाज टाकली, बस म्हणाली. आत जाऊन स्टीलचा ग्लास पदराने पुसून आणला, हंड्यातून भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पानी पे, बाई. उन्हमा उनी तू."

मी ग्लास घेतला नाही. म्हणाले, "जमनाबाई, हे पाणी पिऊ नका. तपासून येईपर्यंत तरी पिऊ नका." इतक्या काळाने निघालं ते तोंडातून, आणि निघालं तेव्हा किती लहान वाक्य होतं.

तिने ग्लासात पाहिलं. रागावली नाही. बाजाराच्या गाडीची वेळ विचारावी तशी विचारलं, "मंग आम्हीन काय पेवानं?"

मी वर टेकाडाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. वरती जा, अक्कांच्या विहिरीवर भरा, एवढं मला म्हणता आलं नाही. ती विहीर माझी नाही, आणि जिला विचारायचं ती तुम्ही नाहीत. मी बाटलीचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं, ते आधीच घट्ट होतं.

जमनाबाईने टेकाडावरून नजर काढली. मग भरलेलं पाणी वाया जायला नको म्हणून तो ग्लास तिने स्वतःच तोंडाला लावला, आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला.